सातव्या प्रश्नाखालच्या दोन ओळी

परदेश सहल अहवाल
(सहलप्रमुखाने परतल्यापासून तीन दिवसांत मोठ्या बाईंकडे द्यावा.)

प्रश्न १. विद्यार्थी : सव्वीस, इयत्ता नववी.

प्रश्न २. सोबतचे शिक्षक : मी (गणित) आणि पीटीचे सर.

प्रश्न ३. आरोग्य : दोघांना बस लागली. एकाने मोज्यांचा एकच जोड आणल्याचं तिसऱ्या दिवशी कबूल केलं. आम्हाला ते वासावरून आदल्या दिवशीच कळलं होतं. नऊ नंबरचा आवाज बसला.

प्रश्न ४. पालकांशी संपर्क : तो त्यांनीच ठेवला. मुलांचे मोबाइल दिवसभर सरांच्या बॅगेत असायचे, त्यामुळे सगळे फोन मला. एका वडिलांनी विचारलं, "त्याने भाजी खाल्ली का?" मी म्हटलं, हो. "मग तो आमचा नव्हे. नीट बघा."

प्रश्न ५. पासपोर्ट : सगळे माझ्या कमरेच्या पिशवीत. झोपतानाही.

प्रश्न ६. शिस्त : चांगली. रांग वाकडी.

प्रश्न ७. कोणी विद्यार्थी हरवला का? होय / नाही. असल्यास तपशील :

इथे दोन ओळी सोडल्या आहेत.

"'नाही'वर गोल करा आणि मोकळ्या व्हा," पीटीचे सर माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "पोरगी सापडली ना? मग हरवली कुठे?"

"सर, विमानतळावर मोठ्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

सर खुर्ची ओढून बसले. त्यांना पाठ होतं. शाळेची ही पहिलीच परदेश सहल. एक जरी मूल मागे राहिलं, तर शेवटचीही हीच. आणि समोरच्या वर्गातल्या आठवीने पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून बॅगांचे रंग ठरवले होते. मला जिन्यात गाठून विचारायचे, "बाई, आमचं नक्की ना?"

"त्या पोरांसाठी तरी," सर म्हणाले.

मी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

तपशील (पुढे जागा पुरली नाही म्हणून इथे)

मोजण्याची पद्धत माझी. डोकी मोजू नयेत, डोकी हलतात. म्हणून प्रत्येकाला नंबर. मी "सुरू" म्हटलं की एक ते सव्वीस, ज्याने त्याने ओरडायचं. अकरा सेकंद. तिथल्या एका चौकात आमची मोजणी ऐकून एका आजोबांनी टोपी काढली होती. मला त्या अकरा सेकंदांचा फार गर्व होता.

दुसऱ्या दिवशी बोटीवर नऊ नंबर पक्ष्यांशी इतकी ओरडून बोलली की तिचा घसा पार गेला. तिची बाकावरची मैत्रीण दहा नंबर. तिने विचारलं, "बाई, हिचा नंबर मीच म्हणू?"

मी म्हटलं, "म्हण."

हा शब्द अधोरेखित समजावा.

दोन दिवस "नऊदहा" असं एका दमात ऐकू यायचं. अकराचे साडेदहा सेकंद झाले. मी खूश.

चौथ्या दिवशी घड्याळांचं संग्रहालय पाहिलं. तिथून स्टेशन. फलाटावर मोजणी : सात, आठ, नऊदहा, अकरा, आणि थेट सव्वीसपर्यंत. गाडी आली, बसलो, गाडी सुटली. मग खाऊचे डबे वाटले.

एक उरला.

सहलीत डबा उरत नाही. सरांनी तो हातात धरून हलवून पाहिला, जणू आतून कोणी बोलेल. दहा नंबरने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, मी नऊ म्हटलं. सवयीनं."

"मीच म्हणायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "रडू नकोस. डबा सांभाळ तिचा."

पंचवीस मुलं सरांकडे देऊन पुढच्या स्टेशनवर मी उतरले. दारातून सर ओरडले, "बाई, तुम्हाला रस्ता सापडेल ना?" प्रश्न रास्त होता. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकाच कारंज्यापाशी तीनदा नेलं होतं.

संग्रहालयाला फोन लावला. यंत्राने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी "थँक्यू" म्हटलं.

लगेच फोन वाजला. नऊची आई.

"बाई, आवाज आला का हो तिचा?"

"अजून नाही," मी म्हटलं.

शब्द न् शब्द खरा.

फोन ठेवला आणि पाटी न वाचताच समोर आलेल्या गाडीत बसले. ती उलट्या दिशेची होती. दोन स्टेशनं गेल्यावर मला कळलं. माझं वय बेचाळीस, कमरेला सव्वीस पासपोर्ट, आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही. संग्रहालय पाचला बंद होणार होतं.

पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. मी दोन्ही मुठींनी ठोकलं. पहारेकरीण बाईने उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. शंभरेक घड्याळं. प्रत्येकात पाच वीस.

मोठ्या घड्याळाखाली पहारेकरणीच्या खुर्चीत, तिचाच स्वेटर पांघरून नऊ बसली होती. चारचे ठोके ऐकायला ती तिथे थांबली होती. मुलांना निघताना मी सांगितलं होतं, चुकामूक झाली तर जागेवरून हलायचं नाही. ती हललीच नाही. ऑफिसात चल म्हणून पहारेकरणीने हात धरला, तरी मान हलवत राहिली. शेवटी खुर्चीच तिथे आली. भाषा येत नव्हती आणि आवाजही नव्हता, म्हणून दोघी तिकिटांच्या मागे ठिपके जोडून चौकोन करत बसल्या होत्या. नऊचे चौकोन एकतीस, पहारेकरणीचे बारा.

मी तिला घट्ट धरलं. तिने हात सोडवून एका तिकिटावर लिहिलं आणि पुढे केलं :

"बाई, तुम्ही कुठे हरवला होतात? मी काळजीत होते."

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही खाल्लंत का?"

मी कागद पुन्हा सुलटा केला. 'होय'वर गोल केला. दोन ओळी पुरल्या :

सहलप्रमुख, गणिताच्या बाई. सव्वा तास.
विद्यार्थिनी जागेवरच होती. तिला तिथे सोडून जाण्याची चूक माझी.

"गेली सहल," सर म्हणाले.

प्रश्न ८ (पुढील सहलीसाठी सूचना) मी कोरा ठेवला. कोणत्या तोंडाने सूचना करणार?

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी नऊ आणि दहाला बोलावलं. मला नाही. मी दाराबाहेर हातात खडू घेऊन उभी. आतून नऊचा आवाज, चांगला खणखणीत. मग मोठ्या बाईंचं हसू. ते मी सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

जेवणाच्या सुट्टीत अहवाल परत आला. आठव्या प्रश्नाखाली दोन वेगवेगळी अक्षरं :

आपला नंबर आपणच म्हणायचा. आवाज नसेल तर टाळी.
बाईंना सत्तावीस नंबर द्यावा.
बाई हरवल्यास त्यांनी जागेवरून हलू नये.

खाली हिरव्या शाईत : मंजूर. पुढच्या वर्षी हेच नियम. आणि सही.

सरांनी दोनदा वाचलं. मग उठले, पाय जुळवले, छाती काढली, आणि अख्खी स्टाफरूम दचकेल अशा आवाजात ओरडले,

"अठ्ठावीस!"