आल्हाददायक हवामान

मधुकरराव शाळेतून निवृत्त झाले आणि घरात त्यांना कोणी काही विचारेनासे झाले. आज भाजी कसली करू, हेदेखील बायको विचारत नसे. म्हणून नागपुरात लकडगंजातल्या आपल्या ओसरीवर त्यांनी पोरांना गृहपाठ सांगायला घेतला. गणित, इतिहास, भूगोल, शास्त्र, जे येईल ते. समोरच्या आरा मशीनवर सागवान चिरले जाई आणि इकडे अपूर्णांक.

पोरे उत्तर घेऊन पळत. बसून राही ती एकटी प्रेमिला, शालिकराम विणकराची सातवीतली मुलगी. "गुरुजी, हा राजा एवढा शूर होता तं हारला काहून?" असे काहीबाही विचारी. सगळ्या नोकरीत मधुकररावांना हे कोणी विचारले नव्हते. ते फार खूश झाले. म्हणाले, "आपल्या डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, प्रेमिला. आपल्या शब्दांत."

तिने तसे लिहिले आणि वार्षिक परीक्षेत आपटली.

शालिकराम ओसरीवर आला, पण बसला नाही. "पोरगी हुशार म्हनता, मंग नापास कशी झाली जी? पास झाली तं शिकवीन म्हनलं होतं. आता कामठीले तिच्या मामाकडे धाडतो. पावरलूमवर सुताच्या कांड्या भरन."

मधुकरराव भर उन्हात टोपी घालून शाळेत गेले. पेपर गिरिधरने तपासले होते. गिरिधर त्यांचाच विद्यार्थी, आता त्यांच्याच खुर्चीवर. त्याने वाकून नमस्कार केला, पाणी मागवले आणि प्रेमिलाचा भूगोलाचा पेपर पुढे ठेवला. प्रश्न होता, नागपूरचे हवामान कसे आहे? तिने लिहिले होते, मे महिन्यात डांबर चपलेला चिकटते आणि मागावरचे सूत तुटते.

"बरोबर आहे की."

"शून्य आहे, सर. उत्तर 'आल्हाददायक' आहे."

"कोण म्हणतो?"

"तुम्ही, सर." गिरिधरने डोळे मिटून म्हणून दाखवले, "नागपूरचे हवामान आल्हाददायक व आरोग्यवर्धक असून... तुमच्याच नोट्स. मी अजून एक शब्द बदललेला नाही. पोरानं बदलला तर मार्क कापायचे, हेही तुमचंच."

मधुकररावांना आठवले. एका जानेवारीत पुण्याहून तपासणीला साहेब आले होते. संत्री खाता खाता म्हणाले, काय छान हवा आहे हो तुमची. त्याच दुपारी मधुकररावांनी ते वर्गाला उतरवून दिले. पुढे कित्येक मे आले आणि गेले. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असते.

"सुधारून घे, गिरिधर."

"कसं सुधारू, सर? एकटीला बरोबर दिलं तर अख्खा वर्ग चूक ठरेल." मग तो जरा विरघळला. "तुमच्या शब्दाखातर जूनमध्ये फेरपरीक्षा घेतो. पण नोट्समधलंच लिहायला सांगा."

महिनाभर मधुकररावांनी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून प्रेमिलाकडून पाठ करून घेतले. "आल्हाददायक व आरोग्यवर्धक" म्हणताना पहिल्या दिवशी ती थांबली. फ्रॉकच्या बाहीने तिने घाम पुसला आणि त्यांच्याकडे पाहिले. मधुकरराव ताटीकडे पाहत म्हणाले, "पुढे." राजांचेही तसेच झाले. सगळे शूर, दयाळू, प्रजाहितदक्ष, हरलेलेसुद्धा.

जूनमध्ये ती पास झाली. शालिकरामने पेढे आणले, मामाला नकाराचा निरोप धाडला. "तुमच्यानं पोरगी सुधरली जी. आता घरी बी काई इचारत नाही."

शाळा उघडल्यावर प्रेमिला आठवीचे पुस्तक घेऊन आली. राज्ये खालसा का झाली, असा प्रश्न होता. मधुकरराव सरसावून बसले. "हे बघ, समज, तू एका राज्याची राणी आहेस आणि दाराशी साहेब आलाय..." ते पुष्कळ बोलले. हातवारेही केले. प्रेमिला पेन्सिल धरून, गाडीची वाट पाहावी तशी बसली होती. ते थांबल्यावर तिने नम्रपणे विचारले, "आता सांगता काय, गुरुजी? लिवून घेतो."

मधुकररावांनी घसा खाकरला.

"राज्ये खालसा होण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. पूर्णविराम."