भरतीची रेषा

दीपगृहाच्या जिन्याच्या तिसऱ्या वळणावर गवंड्याने कठडा धरला आणि तो तेथेच उभा राहिला. गुडघा पुढे जाऊ देईना. वरून त्याच्या पत्नीचे हास्य गोल भिंतीवर आपटत खाली आले, आणि त्यामागोमाग साडूचा आवाज.

"सांभाळून ताई, शेवटची पायरी उंच आहे. हात द्या."

हात दिला गेला की नाही, हे खालून दिसले नाही. तो भिंतीचा गिलावा निरखीत राहिला. गिलावा उत्तम होता; त्यातही त्याला खोट सापडेना.

साडू, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, विजेच्या उपकरणांचे दुकान चालवीत असे. नवी गाडी घेतल्यावर चौघांच्या या सहलीचा बेत त्यानेच आखला होता. पहाटे निघाल्यापासून बंदर, मासळीबाजार, होड्या बांधण्याची जागा, सर्व काही तोच दाखवीत होता, जणू समुद्रही त्यानेच मागवून घेतला होता. पत्नी पुढच्या आसनावर बसली होती, कारण मागे बसल्यास तिला गाडी लागत असे. हे कारण खरे होते. तथापि ती साडूकडे किती वेळा वळते, हे पाहण्यासाठी गवंड्याचा सारा प्रवास तिच्या मानेवर दृष्टी ठेवण्यात गेला होता. वीस वर्षांच्या संसारात आपल्या एखाद्या बोलण्यावर ती अशी खळखळून हसल्याचे त्याला स्मरेना.

दुपारी साडूने गाडी थेट किनाऱ्यावरील वाळूत उतरविली.

"बसा आता बघत! समुद्र पायाशी आणून दिला की नाही?"

"पाहुणे, तुमचं सगळंच झोकात असतं बाई," पत्नी म्हणाली.

गवंडी खाली उतरला. सवयीने त्याने मूठभर वाळू उचलून आवळली व बोटे उघडली. गोळा तसाच राहिला; वाळू आतून ओली होती. त्याने मागे वळून पाहिले. गाडीच्या मागे वीसएक पावलांवर वाळक्या शेवाळाची एक लांबलचक रेषा किनाऱ्यावर पडली होती. पाणी रोज तेथपर्यंत चढत असले पाहिजे. त्याने बोलण्यासाठी तोंड उघडले.

"बघा, साडूबुवांना वाळू दिसली!" साडू म्हणाला. "आता सिमेंट मागतील."

धाकटी हसली. पत्नीही हसली, तोंडाला पदर लावून.

गवंड्याने हात झटकले.

"काय म्हणत होतात भाऊजी?" धाकटीने विचारले.

"काही नाही. चहा घेऊ कुठेतरी."

खडकांपलीकडे एक चहाचे दुकान होते. तो सर्वांच्या पुढे चालला आणि एकदाही मागे वळला नाही. तेथे त्याने आपण होऊन दुसरा चहा मागविला, मग तिसरा. समुद्राकडे पाठ करून बसला.

दीड तासाने ते परतले तेव्हा लाटा गाडीच्या दारांवर आपटत होत्या. शेवटी कोणीतरी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. गवंड्यानेही कमरेइतक्या पाण्यात उतरून खांदा लावला. गाडी बाहेर निघाली, परंतु दार उघडताच आतून पाणी कोसळले, आणि इंजिनाने जीव धरला नाही. साडू बोनेटवर हात ठेवून उभा होता. सकाळपासून प्रथमच तो गप्प होता, आणि गवंड्याला त्याच्याकडे पाहवेना.

पत्नी रस्त्याकडेच्या दगडी कट्ट्यावर बसली होती.

"आपली पिशवी भिजली असेल," तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला.

तिने पाठीमागची पिशवी मांडीवर घेतली. कोरडी ठणठणीत होती. आत त्याचे धुतलेले कपडे होते; त्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"ही कधी काढलीस?"

"तुम्ही हात झटकलेत तेव्हा." ती पिशवीचा बंद नीट करीत राहिली. "वीस वर्षं तुमचे हात बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

इतक्यात धाकटी डोळे पुशीत आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"ताई, महिनासुद्धा झाला नाही गं गाडीला!"

"उगी, उगी." पत्नी तिची पाठ थोपटू लागली. "पाणी एवढं वर चढेल, हे कुणाला ठाऊक होतं, बाई?"

बहिणीच्या खांद्यावरून तिचे डोळे गवंड्यावर स्थिर झाले होते. त्याने मान खाली घातली. मग तो वळला, गाडीपाशी गेला, आणि आतले पाणी उपसणाऱ्या साडूच्या हातातून त्याने हळूच डबा काढून घेतला.