नवमीची भरती

काळाचौकीच्या चाळीत गुणाजी परबाला लहानथोर सगळे एकच प्रश्न विचारत, भरती किती वाजता? विसर्जनाच्या दिवशी मंडळाची मूर्ती चौपाटीवर किती वाजता पोचली पाहिजे, हे तीस वर्षं त्यानेच ठरवलं होतं. त्यासाठी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर पुरे आणि मालवणच्या शाळेत घोकलेली पाऊणकी पुरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्दशी असेल तर चौदा पाऊण साडेदहा, संपला विषय. आता मंडळवाले मोबाइलवर बघतात, पण मान म्हणून त्याला विचारतात आणि तोही ते जणू ठाऊकच नसल्यासारखं तोंड करून उत्तर देतो.

एकुलती लेक मात्र कधी काही विचारत नसे. रुपाली चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. तिचा पंधरा दिवसांनी एक फोन येई. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. बायको गेल्यापासून गुणाजीला तो फोन जास्तच तोकडा वाटू लागला होता. लेक शिकली, शहाणी झाली, बापाला विचारावं असं तिच्याकडे काही उरलं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. समजूत पटली नव्हती, पण घातली होती.

मार्चमधल्या एका सकाळी साडेआठला फोन वाजला आणि पडद्यावर रुपाली नाही, नुसतं पाणीच दिसलं.

"बाबा, बघा तरी कुठे आलोय! चार दिवस नुसती लाल माती. दोनदोनशे किलोमीटर चहाची टपरी नाही की माणूस नाही. आणि आज हा समुद्र. आजचा दिवस इथेच लोळायचं, उद्या पुढे."

गुणाजीने चष्मा लावला आणि फोन नाकाला चिकटवला. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, खुर्चीत तोंडावर टोपी टाकून पसरलेला जावई हर्षवर्धन आणि त्याच्यामागे पाण्यापासून वीसेक पावलांवर उभी केलेली गाडी.

"तिकडच्या दर्याक वास येता काय गो? आणि मासे? होडी एक पण कशी नाही?"

"सगळं सांगते. आधी मला सांगा, भरती कधी? गाडी वाळूतच लावलीय. जरा सावलीत झोप काढायचा विचार आहे."

चार वर्षांत लेकीने पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. गुणाजीची छाती अशी फुगली की त्याला कॅलेंडरचा आकडा दोनदा वाचावा लागला. वद्य नवमी.

"नऊ पाऊण पावणेसात," तो ठणकावून म्हणाला. "तुझ्या घड्याळात आता किती? दीड? पूर्ण भरती पावणेसातला, मग साडेचारपर्यंत पाणी गाडीला शिवायचं नाही. झोपा निवांत."

"बरं," रुपाली म्हणाली आणि फोन बंद झाला.

तो पिशवी घेऊन लालबागच्या बाजारात गेला. गरज पाव किलो बोंबलांची होती, पण खरं काम ही बातमी सांगण्याचं होतं. सुभद्रा कोळणीकडून तो वीस वर्षं मासे घेत होता. ती बोंबील साफ करत ऐकत राहिली.

"दादा, तुमच्या मालवणला भरती आपल्या आधी येते ना?"

"येते. तासभर तरी आधी."

"एवढुशा अंतरात तासाचा फरक. मग तिकडचा दर्या आपलं कॅलेंडर वाचतो काय?"

आजूबाजूच्या दोघी हसल्या. गुणाजीही हसायला गेला आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. पाऊणकी मुंबईच्या किनाऱ्याची होती. तिने मालवणलासुद्धा नीट उत्तर दिलं नसतं, हे त्याला बालपणापासून माहीत होतं. आणि तीच पाऊणकी त्याने साता समुद्रापार ठोकून दिली होती, का तर लेकीने विचारलं म्हणून.

त्याने तिथेच फोन लावला. लागेना. तिच्याकडे आता साडेतीन वाजले असतील. दोघं गाढ झोपलेली, पाणी चढतंय, चाकं वाळूत रुततायत, आणि मदतीला दोनशे किलोमीटरवर माणूस नाही. बोंबलांची पिशवी सुभद्राच्या पाटीवर तशीच राहिली.

चाळीच्या जिन्याखाली उभं राहून त्याने निरोप बोलून पाठवायला घेतला. "रुपाली, वेळेत थोडाफार फरक पडू शकतो..." त्याने तो पुसला. "तिकडच्या वाऱ्यामुळे कदाचित..." तोही पुसला. सारवासारव त्याला झकास येत होती. बोलायचं होतं ते वाक्य मात्र त्याने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"रुपाली, मी सांगितली ती मुंबईची वेळ. तुझ्या तिकडच्या दर्याचं मला काही माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. आधी गाडी वर घे."

निरोपाखाली एकच खूण उमटली, म्हणजे तो पोचला नव्हता. गुणाजी जेवला नाही. त्याने दहा वेळा फोन उचलला आणि दहा वेळा ठेवला.

दीड वाजता रुपालीचा फोन आला. केस ओले, नाक उन्हाने लाल.

"बाबा, पाणी आलंच नाही!"

"आलंच नाही म्हणजे?"

"म्हणजे हललंच नाही. फोन बंद करून झोपलो, उठून पोहून आलो, साडेसहा वाजले, पाणी होतं तिथेच. गळ टाकून बसलेला एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, या खाडीत महिन्यातले काही दिवस असेच असतात. भरती नाही, ओहोटी नाही. दिवसभर समुद्र जागच्या जागी."

गुणाजी खुर्चीतून उठलाच. भीती, भूक, लाज, सगळं विसरून तो खोलीत फेऱ्या मारू लागला. सत्तर वर्षांत असला समुद्र त्याने ऐकला नव्हता. "मग पाणी जाता खंय? आणि नवमीलाच का? दर नवमीला?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय. असं कसं होतं?"

"माहीत नाही गो," तो म्हणाला, आणि हे इतकं सहज तोंडून गेलं की त्याचं त्यालाच कळलं नाही.

पलीकडे रुपाली डोळे पुसत होती. गुणाजीने पडदा जवळ घेतला.

"काय झालं? हर्षवर्धन बरा आहे ना?"

"बरा आहे. तुमचा निरोप मगाशी मिळाला. चार वेळा ऐकला मी. बाबा, तुम्हाला कायम सगळं माहीत असायचं. मी सहलीहून आले, कॉलेजातून आले, काही सांगायला लागले की पुढचं तुम्हीच सांगून मोकळे. मग मी सांगायचंच सोडून दिलं. जेवलात का विचारायचं आणि ठेवून द्यायचं."

गुणाजीला वाटलं, आपण म्हणावं की असं काही नव्हतं. पण असंच होतं. इतकी वर्षं तो लेकीच्या प्रश्नाची वाट बघत बसला होता आणि त्याने स्वतः तिला एकही विचारला नव्हता. त्याला भडभडून आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"ती लाल माती," तो खुर्चीत बसत म्हणाला, "ती कशी होती? सुरुवातीपासून सांग. मी मधे बोलणार नाही."

रुपाली वाळूत मांडी घालून बसली आणि सांगू लागली.