यादीतली शिट्टी

ग्रीसच्या एका बेटावर दहा दिवस चित्रं काढायला जायचं, तर ब्रश आणि रंग घेतले की झालं, असं जळगावात बहुतेकांना वाटत होतं. प्रियलने ग्रुपवर टाकलेल्या एकवीस वस्तूंच्या यादीत ब्रश नवव्या नंबरवर होते. पहिला पासपोर्ट, दुसऱ्या गोळ्या-औषधं, तिसरे खाकरे. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, ते तिकडेच मिळेल. रंग लावायची सुरी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडली तर पोलीस चित्रकार वगैरे काही बघत नाहीत. कापडी टोपी. कमरेचा पाऊच, त्यात मीठ-साखरेची पाकिटं. आणि अकराव्या नंबरवर शिट्टी: 'बेटावरच्या पायवाटा निर्मनुष्य असतात. पाय मुरगळला, तर ओरडून घसा बसतो. शिट्टी कायम गळ्यात ठेवावी.'

प्रियल जळगावात चित्रकलेचा क्लास चालवायची. बारा जणांच्या त्या ग्रुपात तिचे सासरे सुभाषचंद होते, त्यांचे व्यापारी मित्र होते, आणि धुळ्याचे जीवराम बैसाणे सर होते. सरांनी प्रियलला शाळेत चित्रकला शिकवली होती. वय सहासष्ट, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना 'समुद्र निळा रंगवा' असं सांगितलं होतं. स्वतः समुद्र पाहिला तो व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेले तेव्हा, टॅक्सीतून. तो मातकट होता.

बेटावर पायऱ्याच पायऱ्या, म्हणून प्रियल दर रविवारी सगळ्यांना मेहरूणच्या तलावाभोवती चालवायची. पाठीवर चित्राचं घडीचं स्टँड, पायात नवे बूट.

"सर, तुम्ही तर आमच्यापेक्षा पुढे!" सुभाषचंद मागून धापा टाकत म्हणायचे.

"शेठ, मी आयुष्यभर वर्गात उभा होतो. तुम्ही गादीवर बसलेले."

"बघा, मास्तर लोकांची जीभ विमानातपण गप्प बसणार नाही."

सर धुळ्यातल्या ज्या कॉलनीत राहत, तिथून परदेशात जाणारे ते पहिलेच. त्यामुळे तयारीची जी एक वस्तू प्रियलच्या यादीत नव्हती, ती कॉलनीने आपणहून केली. शेजारच्या लिलाबाईंचा मुलगा आधार याचं फ्लेक्सचं दुकान होतं. त्याने चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लावला: 'आपल्या कॉलनीचे भूषण, आदरणीय जीवराम सर यांना ग्रीस दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा.' सरांचा फोटो, मागे निळा समुद्र, आणि खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे, त्यांतले दोन सरांनी नापास केलेले.

व्हिसा अजून यायचा होता. पण एजंट म्हणाला होता, शेवटच्या दिवशीच येतात. आणि आपल्याकडे फ्लेक्स कशासाठी थांबत नसतो.

अकरा मेला सकाळी बुद्धविहारात सरांना शाल दिली. लिलाबाई म्हणाल्या, "सर, तठे जेवाले काय भेटस?"

"खाकरे नेतोय, अक्का."

"इतला लांब जाईसन खाकराच खातस? मंग जातस कसाले?"

सगळे हसले. आधारने सरांना जळगावच्या एसटीत बसवलं, जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत हात हलवला.

जळगावात प्रियलच्या घरी पाकिटं तासाभरापूर्वीच येऊन पडली होती. अकरा पासपोर्टांत व्हिसा चिकटवलेला होता. बाराव्यात, सरांच्या, नुसता नकाराचा एक कागद होता. त्यावर एका चौकोनात खूण केली होती. प्रियलने तो तीनदा वाचला आणि मग सरांना मराठीत सांगितला: मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याचा अर्जदाराचा इरादा आहे, याची खात्री पटली नाही.

"मी एजंटला म्हटलं होतं," सुभाषचंद म्हणाले. "एकटा माणूस आहे, मागे कोणी नाही, काहीतरी भारी पत्र जोडा म्हणून."

"मागे कोणी नाही हे त्यांना कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"फॉर्ममध्ये रकाना असतो, सर."

प्रियलच्या सासूबाई सज्जनबाईंनी खाकऱ्यांचा डबा आणून पुढे ठेवला. "तुमच्या वाटणीचे केलेत सर. घेऊन जा. इथे ठेवले तर कोणी खाणार नाही, नाव टाकलंय."

सरांनी डबा बॅगेत ठेवला. मग म्हणाले, "प्रियल, एवढं कर. धुळ्यात कोणाला बोलू नकोस."

दुसऱ्या गावी बारा दिवस काढता आले असते. पण खानदेशात असं बसस्टँड नाही, जिथे सरांचा एखादा विद्यार्थी भेटत नाही. सोनगीरला चहा घ्यायला उतरलं तरी कोणीतरी पाया पडणार आणि 'सर, तुम्ही तर ग्रीसला ना?' असं विचारणार. एका जागी मात्र त्यांना कोणी शोधणार नव्हतं, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. मे महिन्यात दुपारी दोनला धुळ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सर टोपी कपाळावर ओढून मागच्या गल्लीतून आले. पुढच्या दाराला त्यांनीच लावलेलं कुलूप तसंच ठेवलं, मागच्या दाराने आत शिरले आणि कडी लावली.

यादी चांगली होती, हे मान्य करायला हवं. तिच्यातली प्रत्येक वस्तू उपयोगी पडली. गॅस पेटवला तर फोडणीचा वास जाईल, म्हणून खाकरे. दिवा दिसेल, म्हणून बॅटरी. कूलरचा आवाज लिलाबाईंच्या भिंतीला ऐकू जातो, म्हणून चव्वेचाळीस अंशांत ओली टोपी आणि मीठ-साखरेचं पाणी. फोनची घंटी परदेशातल्यासारखी वाजणार नाही, म्हणून फोन बंद. आणि परत आल्यावर लोक चित्रं मागतीलच, म्हणून सर रोज एक चित्र काढत. हजेरी भरावी तसं. पांढरी घरं, पायऱ्या आणि निळा समुद्र. न पाहिलेला समुद्र काढायची त्यांना चौतीस वर्षांची सवय होती.

भिंतीपलीकडून लिलाबाईंचा आवाज यायचा. नातीचं, दिपमालाचं, कौतुक चालायचं, ती मामाच्या गावात सगळ्यांना काय सांगून आली त्याचं: "दिपमाला पिंपळनेरले मामाकडे गयी व्हती. बठ्ठासले सांगी उनी, आमना सर ग्रीसले गयात. पोरी मागे लागन्यात, फोटो दखाड म्हने."

हे सरांनी ऐकलं एकवीस तारखेला सकाळी, न्हाणीघराच्या फरशीवर पडल्या पडल्या. मोटर लावता येत नव्हती, टाकी कोरडी पडली होती, म्हणून ते पिंपातलं शेवटचं पाणी बादलीत ओतत होते. पाय घसरला. मांडीच्या वरच्या बाजूला काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं वाजलं. उठता येईना. सरकताही येईना. हात पोचेल एवढ्या अंतरावर बादली होती, तिच्यात चार तांबे पाणी होतं.

शिट्टी गळ्यात होती. यादीत 'कायम' असं लिहिलेलं होतं, आणि सर सूचना पाळणारे.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली. पलीकडे लिलाबाई तांदूळ निवडत होत्या, ताटाचा आवाज येत होता. एकदा फुंकलं असतं तर दहा मिनिटांत आधार मागचं दार फोडून आत आला असता. त्याच्या मागे कॉलनी. मग फ्लेक्स उतरवावा लागला असता. आणि पिंपळनेरला जाऊन दिपमालाने काय सांगायचं?

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. हिशेब साधा होता. ग्रुप तेवीसला पहाटे मुंबईत उतरणार. मुंबईहून धुळं, सात-आठ तास. दुपारी चारला ते घरी पोचलेले असू शकतात. घरी पोचलेला माणूस न्हाणीघरात पडू शकतो. बोभाटा न होता. प्रवासाचा शीण.

म्हणजे अडीच दिवस. बादलीत चार तांबे.

पहिल्या दिवशी त्यांनी दीड तांब्या पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, आणि बादली कलंडली. तेवीसला त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा सरांनी शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. आवाज चांगला आला. यादीत ब्रँडही दिलेला होता.

भिंतीपलीकडे कोणी नव्हतं. गल्लीत कोणी नव्हतं. अख्खी कॉलनी चौकात उभी होती. हलगीवाला होता, आधारने नवा फ्लेक्स आणला होता, 'यशस्वी दौऱ्याबद्दल अभिनंदन', आणि लिलाबाईंच्या हातात हार होता. मुंबईच्या दोन गाड्या येऊन गेल्या. आधारचा फोन सरांना लागेना. सहाच्या सुमारास त्याने प्रियलचा नंबर मिळवला.

"सर कुठल्या गाडीने निघाले, मॅडम?"

प्रियल म्हणाली, "सर आलेच नव्हते आमच्याबरोबर. ते अकरा तारखेलाच धुळ्याला परत गेले."

आधारने फोन खिशात ठेवला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं. लिलाबाई हार हातात घेऊनच पळत सुटल्या. मागे आधार, मागे काय झालं ते न कळलेली हलगी. गल्लीत शिरल्यावर त्यांना शिट्टी ऐकू आली. आता ती शिट्टीसारखी वाजत नव्हती. नुसती हवा येत होती.

मागचं दार आधारने खांद्याने फोडलं. सर टोपी घालून पडले होते. ओठ पांढरे, डोळे उघडे. लिलाबाईंकडे बघून ते म्हणाले, "तिकडे पायऱ्या फार होत्या, अक्का."

दारात गर्दी झाली होती. सर आले कधी, हेच कोणाला कळत नव्हतं. कोणीतरी विचारलं, "काय झालं? कव्हय उनात सर?"

लिलाबाईंनी पदर कमरेला खोचला. "आत्तेच उनात. मांगना दारथीन. तठे पाय मोडना त्यासना, तसाच उनात बिचारा. व्हा मांगे, हवा येऊ द्या!"

आधार आईकडे बघत राहिला. मग त्यानेही मान हलवली आणि सरांच्या काखेत हात घातला.

दवाखान्यात सर तीन दिवस होते. भेटायला येणाऱ्यांना ते बेटाबद्दल सांगत. समुद्र कसा होता, असं दिपमालाने विचारलं तेव्हा म्हणाले, "निळा. मी सांगत होतो तसाच." चौथ्या दिवशी सकाळी गेले.

चौकात फ्लेक्स लागला. फोटो आधारकडे होताच. 'ग्रीसचा दौरा यशस्वी करून परतलेले आदरणीय जीवराम सर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली तेच बावीस चेहरे.

घर आवरताना लिलाबाईंना टेबलावर दहा चित्रं सापडली, आणि त्यांच्याखाली तो कागद. त्यांनी तो आधारला दिला.

"काय शे हाऊ?"

आधारने वाचला. "व्हिसाचं आहे. सर परत येतील याची त्यांना खात्री नव्हती, असं लिहिलंय."

लिलाबाईंनी कागदाची घडी घातली आणि चुलीत घालायच्या रद्दीत टाकली.

"उनात ना पन," त्या म्हणाल्या, आणि चित्रं मोजायला लागल्या.