गिरदावराचा राजा

ऐन पेरणीत महसुलाचा अंमलदार, गिरदावर, आमच्या झरी गावाला आला आन् त्यानं माझी बैलजोडी वेठीला धरली. जाब विचारायला चावडीवर गेलो, तर हा सतरंजीवर बुद्धिबळ मांडून बसलेला.

"खेळतोस का, चंद्रभान? जिंकलास तर बैल सोडतो. हरलास तर माझी पेटीबी तूच वाहायची."

डोकं आधीच तापलेलं. तसाच बसलो. तिसऱ्याच खेळीला उंटानं त्याच्या राजाजवळचं प्यादं मारून शह दिला. राजानं उंट खाल्ला. गिरदावर हसला, "उंट फुकट घालवलास की रे!"

फुकट न्हाई घालवला. आमच्या देशी डावात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येती, पण त्याआधी शह बसला की ती मुभा गेली. मला त्याला पळूच द्यायचं न्हवतं. मग घोडा दिला, हत्ती दिला. मोहरी अशी आपटली की चावडीतली माणसं दचकली. त्याचं हसू कवाच गेलं व्हतं. राजा पटाच्या मधोमध उघडा पडला, तवा म्या एक प्यादं पुढं सारलं.

"मात. तीबी प्याद्यानं."

खेळणाऱ्याला याच्याहून मोठी बेअब्रू न्हाई. त्यानं पट उधळला. "बैल मिळणार न्हाईत. पेटी उचल!" शिपाई काठी घेऊन माझ्यापुढं आला.

पेटी उचलली. चार कोस डोक्यावर वाहिली. पण उचलायला वाकलो तवा त्याचा राजा मुठीत घेतला व्हता, अन् वाटंतल्या ओढ्यात भिरकावला.

आता मांड म्हणावं डाव.