पाच बावन्नचा ठसा

शनिवार, २३ जुलै १९९४. सायंकाळचे पाच वाजून बावन्न मिनिटे. माझ्या शेजारी 'आत' असे लिहिलेल्या फळीवर पाच कार्डे होती. 'बाहेर'च्या फळीवर एक.

मित्रांनो, मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. नेब्रास्कातील एका बर्फाच्या कारखान्याच्या दारात मला चार स्क्रूंनी बसवले, तेव्हा माझा हिरवा रंग नवा होता. चालक सकाळी निघताना माझ्या तोंडात कार्ड देत आणि मी ठक्कन वेळ उमटवी. परतल्यावर पुन्हा तसेच. आसपासच्या गावांत बर्फ पोहोचवणाऱ्या या लहान ट्रकवाल्यांना नियम सोपा होता. बारा तासांच्या आत कारखान्यात परत आले, की माझे दोन ठसे पुरत. उशीर झाला, तर मात्र त्या दिवसाचा तास न् तास तक्त्यावर रेघा मारून दाखवावा लागे. थकलेल्या माणसाच्या हाती चाक राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. निरीक्षक कार्डे चाळत आणि म्हणत, "हे घड्याळ खोटं बोलत नाही." मला त्याचा अभिमान वाटे.

डेल्मर ह्रुस्का हा त्यांतला सर्वांत जुना चालक. एकटा राही. दर मंगळवारी सर्वांसाठी जर्दाळू भरलेले गोड पाव आणी. बर्फाच्या पिशव्या उचलून उचलून त्याची बोटे बधिर झाली होती.

"लवॉन, चिमटा काढून बघ, कळतसुद्धा नाही. या बोटांनी मी रेघा मारत बसू?"

"बोटांना कशाला दोष देतोस? शाळेत तरी कुठे मारल्या होत्यास?" कचेरीतली लवॉन हसून म्हणे.

पण त्याला उशीर होणार असला, की तीच त्याचे कार्ड वेळेवर माझ्या तोंडात देई. मायेपोटी. मी ठसा उमटवी. हात कोणाचा, हे मला विचारता येत नाही.

त्या शनिवारी जत्रेसाठी दुप्पट बर्फ गेला होता. डेल्मर सकाळी सहाला निघालेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. मला ऐकू आली ती लवॉनच.

"कुठल्या पंपावर? अरे, म्हणजे अजून तासभर! ...डोळे मिटताहेत? मग झोप की घटकाभर. ...कार्डाचं काय घेऊन बसलास, ते मी बघते. कॉफी पी आणि सावकाश ये, बाबा."

तिने कार्ड दिले. ठक्. मग ते 'आत'च्या फळीवर ठेवून ती घरी गेली.

नऊ वाजता मालकांचा फोन आला. रखवालदार एमेटने माझ्याकडे टॉर्च मारला.

"आले साहेब, सहाही कार्डं आत आहेत. ...डेल्मरची गाडी? जागेवर नाही खरी. गॅरेजला टाकली असेल. माणूस आलाय ना, मग झालं."

त्याने फाटकाला कुलूप लावले. कोणी शोधायला गेले नाही. आलेल्या माणसाला कोण शोधणार?

पहाटे पिकाला पाणी द्यायला निघालेल्या एका शेतकऱ्याला रस्त्यावर ओल दिसली. तो ओलीच्या मागे गेला. पुरुषभर उंच मक्यात ट्रक कलंडला होता आणि मागच्या दारातून वितळलेला बर्फ ठिबकत होता. डॉक्टर म्हणाले, रात्री सापडता तर वाचला असता.

सोमवारी निरीक्षक आले. कार्ड पाहून म्हणाले, "नियमात बसतंय."

"तो ठसा मी मारलाय," लवॉन म्हणाली.

पुढे मला काढून कोठारात ठेवले. माझी फीत सुकली, चक्रे गंजली. मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो : माणूस दारात दिसल्याशिवाय त्याचे कार्ड आत ठेवू नका.

डेल्मर ह्रुस्का, शनिवारचे काम, कार्डाप्रमाणे : अकरा तास बावन्न मिनिटे.