दोन प्यादी

तेजलच्या बाबांनी, सुजितने, सकाळीच निकाल देऊन ठेवला होता: आज एक तरी डाव जिंक, नाहीतर सोमवारपासून बुद्धिबळ बंद आणि गणिताचा क्लास सुरू. संध्याकाळी स्पर्धेची शेवटची फेरी आली तरी तेजलच्या नावावर भोपळाच होता. समोर बसला उल्हासनगरचा यज्ञेश, ज्याला म्हणे ओपनिंगा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाढ्यांसारख्या पाठ होत्या.

घाबरलेल्या पोरीला आजोबांचा खेळ आठवला. बुवापाड्याच्या ओट्यावर महिपती आजोबांचा डाव एकाच रीतीने सुरू होई: पहिल्याच चालीला कडेची दोन्ही प्यादी एकेक घर पुढे. तेजलने तेच केलं आणि ऐटीत घड्याळ दाबलं.

यज्ञेशचा हात वर गेला. पंच विनिता मॅडम आल्या. एका चालीत एकच मोहरा, पहिलं हात लावलेलं डावं प्यादं तेवढं चाललं, शिवाय यज्ञेशला दोन मिनिटं जास्त, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शेजारच्या पटांवरची पोरं खुदखुदली. तेजलला रडूच फुटणार होतं.

पण यज्ञेश चाल करेना. राजासमोरचं प्यादं आलं तर काय करायचं ते त्याला तोंडपाठ होतं. हे कडेचं, तेही एकच घर? दंड सोसून कोणी असलं खेळतं, म्हणजे नक्की सापळा असणार. सापळा शोधता शोधता त्याने नखं खाल्ली. पुढे तेजलचा घोडा फुकट पडला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. तिचा वजीरही गेला तसा त्याला घाम फुटला. तेजलला मात व्हायला एक चाल उरली होती, आणि नेमका तेव्हा त्याच्या घड्याळातला वेळ संपला.

डाव तेजलचा! ती नाचतच बाहेर आली. तिथे आजोबांबरोबर थांबलेल्या सुजितने सगळं ऐकलं, डोकं खाजवलं आणि क्लासवाल्यांना फोन करून नाव काढायला सांगितलं. महिपती मात्र भडकले होते.

"त्याला दोन मिनिटं जादा, आणि आपलं प्यादं एकच? मी मॅडमशी बोलून येतो."

तेजलने त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तेवढ्यात यज्ञेश दबकत जवळ आला.

"आजोबा, ही ओपनिंग कुठे शिकवतात?"

आजोबांचा राग कुठल्या कुठे पळाला.

"अंबरनाथला, बुवापाड्यात. आमच्या ओट्यावर ये. पण तिथे दोन्ही प्यादी चालावी लागतील."